निळी पडलेली टोकं

कोहका गावात वाळलेलं झाड पाडायचं असलं की लोक दौलतरावांना बोलावतात. पोटरीला लोखंडी पट्टी आवळायची, तिच्या आतल्या अंगाचा काटा खोडात रोवायचा आणि वर जायचं. जिवंत झाडावर ते काटे घालत नाहीत. साल फाटली की झाडाला कीड लागते.

काट्यांना धार ते स्वतःच लावतात. शिकंज्याच्या पकडीत धरून, हाताच्या कानशीने, एकाच दिशेने टोकाकडे, मूळ उतार राखून. मग चामडी पट्ट्यांची शिवण ताणून पाहायची आणि टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवायचे. अर्धी दुपार जाते. जाऊ द्यावी.

परवा लेक मोनाली माहेरी आली, सोबत जावई प्रशांत. त्याचं कुम्हारीला वेल्डिंगचं दुकान. सासऱ्याची मेहनत वाचावी म्हणून त्याने न विचारता काटे नेले आणि ग्राइंडरवर घासून आणले.

"पाहा मामाजी, कसे चमकून राहिले! दोन मिनिटांचं काम."

दौलतरावांनी काटा उन्हात धरला. टोक निळं पडलं होतं. तापून पोलादाचं पाणी उतरलं होतं, ते मऊ झालं होतं. निळं तेवढं घासून काढावं, तर काटा आखूड होऊन खोडात बसणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वाळलेल्या कडुनिंबावर चढायचं होतं.

दारातून अंजनाबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं. या घरात सासरा जावयाच्या पाया पडतो. त्याला चूक दाखवत नाही.

"बेस झाले," दौलतराव म्हणाले. जेवायला बसले, पण अर्ध्यातच ताटावरून उठले.

"चला जवाईबुवा, आंगणात."

बाभळीचा ओंडका भिंतीला तिरपा टेकवलेला होता. त्यांनी काटा बांधला, वीतभर उंचीवर रोवला आणि अंगाचा भार टाकला. टोक वळलं. पाय सालीवरून खरडत खाली आला.

प्रशांतचा चेहरा उतरला. "मंग मघाशी बेस कावून म्हटलं?"

"तुमचं मन मोडू नये म्हणून."

"मन मोडलं असतं तर परवडलं असतं, मामाजी. तुमची कंबर मोडली असती तर?"

"आता तरी ऐका," अंजनाबाई म्हणाल्या. कोणाला, ते दोघांनाही कळलं नाही.

दौलतरावांनी कडुनिंबाच्या मालकाला फोन केला: नवे काटे आल्याशिवाय चढणार नाही. मग लोखंड कापायची आरी काढली. खराब काटे नुसते भंगारात टाकले, तर कोणीतरी उचलून चढेल.

"द्या इकडं," प्रशांत म्हणाला. "खराब म्या केले, कापतो मीच."

"कापा. पण घाई नका करू."