वर्षभराची मुदत

बायकोने वेगळं व्हायचं म्हटलं, त्याच आठवड्यात तिचं विद्यापीठात व्याख्यान होतं. विषय: इस्लामी राजवटीच्या सुरुवातीच्या काळातल्या ज्यू स्त्रिया. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसला, तिने स्वतःसाठी खोलीही बघून ठेवली होती. "वर्षभर थांब, मग बघू," मी म्हटलं होतं. ती गप्प बसली. गप्प म्हणजे कबूल, असा सोयीचा अर्थ मी लावला. प्रोजेक्ट मॅनेजर माणूस मी. मुदत वाढवून मागितली की काम झालंच असं वाटतं.

शनिवारी, तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये, तिने तालीम केली. मी आपणहून श्रोता झालो. चहा घेऊन, मान डोलवत.

ती सांगत होती की त्या काळी ज्यूंमध्ये सोडचिठ्ठी द्यायची ती नवऱ्यानेच. बाईला नवरा नकोसा झाला तर जुन्या नियमाने तिला वर्षभर थांबवत, मन वळतंय का बघायला. मग कंटाळलेल्या बायका सुटका मागायला मुसलमान काझीकडे जायला लागल्या. या धर्मच सोडतील, अशी इराकातल्या ज्यू धर्मगुरूंना धास्ती बसली. त्यांनी ठरवलं, बाई 'नको' म्हणाली की नवऱ्याला लगेच सोडचिठ्ठी द्यायला लावायची.

"काही प्रश्न?" तिने विचारलं.

मी हात वर केला. इथेच माती खाल्ली.

"त्या नवऱ्यांचं काय गं? वर्षभरात एखादा सुधारलाही असता. घोरणं कमी, भांडी वेळेवर..."

"लग्न झाल्यापासून वेळच होता की त्याला."

"तरी पण, मुदत म्हणजे मुदत."

तिने लॅपटॉप मिटला. "मी थांबले रे वर्षभर. मागच्या दिवाळीपासून. बोर्ड लावून थांबायचं होतं का?"

मागच्या दिवाळीत काय झालं होतं, मला आठवेना. चकल्या आठवल्या. लिटल इंडियातून आणलेल्या, मऊ पडलेल्या. रडू येईल म्हणून वाट पाहिली. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला असून आपला राहत नाही, तसं आत सगळं झालं होतं. खाली मुलं ओरडत खेळत होती.

"बरं," मी म्हटलं. "पुस्तकं कशात भरायची?"

"खोके आणलेत. पलंगाखाली आहेत."

"कधी आणलेस?"

"झाले बरेच दिवस."

त्या खोलीत रोज केर काढायचं काम माझ्याकडे होतं.