स्कॉटलंडला न्यायला कोण येणार?

बोलणाऱ्यांच्या घरात न बोलणाऱ्याकडे किस्से आपोआप जमा होतात. बोलणारे बोलून मोकळे होतात आणि विसरतात. आपल्याकडे मात्र ते साठत जातात, माळ्यावर रिकामी पोती साठतात तसे. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तर माळा भरला. त्यातली एकच थप्पी खाली काढते, विमानाची.

मी सांगलीची. कराडला दिली. सासरी गुळाची अडत. माझा दादा स्कॉटलंडला डॉक्टर, आणि ताई लग्न होऊन तिथेच गेलेली. माझ्या लग्नाला दोघांनाही येता आलं नाही. माझ्या अंगावरची हळद त्यांनी फोटोत पाहिली, आणि फोटो होता काळा-पांढरा. म्हणून दोघांनी मिळून मला विमानाचं तिकीट पाठवलं. दादाला उन्हाळ्यात रजा होती. तेवढ्यात गेले तर गेले, नाहीतर पुन्हा कधी, कोण जाणे.

मला जायचं होतं. फार जायचं होतं. पण सासूबाई हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. बाकी सगळं गाव मात्र तयारीला लागलं.

*

पहिल्यांदा सल्ला द्यायला आल्या वकिलीणबाई. ह्या आमच्या शेजारच्या. एकदा महिनाभर भावाकडे लंडनला राहून आल्या, त्याला बरीच वर्षं झाली; पण अजून त्या पुरत्या परतलेल्या नाहीत. महाबळेश्वरला गेल्या तर शाल घेत नाहीत. "ह्याला थंडी म्हणायचं?" असं पॉइंटवर उभं राहून दरीला विचारतात, आणि चार दिवस शिंकतात.

विमानात मिळालेली मिठाची पुडी त्यांनी शोकेसमध्ये ठेवली आहे, ताजमहालाच्या शेजारी. एकदा घरातलं मीठ संपलं, तेव्हा वकीलसाहेबांनी ती फोडून काकडीला लावली. बाईंनी बोलणं टाकलं. वकीलसाहेब कोर्टात भलभलत्या आरोपींना सोडवून आणतात, पण स्वतःची सुटका काही त्यांना जमेना. शेवटी ते म्हणाले, "अगं, पण खारटच होतं."

त्यावर बाई पुन्हा महिनाभर बोलल्या नाहीत.

*

मग सुभेदारकाकांनी मला बोलावून घेतलं. ते ह्यांचे चुलते. पलटणीतून निवृत्त झालेले, आणि कधीतरी लडाखला होते, म्हणून थंडीचा विषय निघाला की गल्लीत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. भर वैशाखात त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पदरावरून माकडटोपी चढवायला लावली आणि बर्फात पायाची बोटं कशी जपायची ते शिकवलं. घामानं माझं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं. काका म्हणाले, टोपी लागू पडली.

काका लष्कराच्या विमानातून गेले होते, रसदीच्या पोत्यांवर बसून. विमान म्हणजे तेवढंच, अशी त्यांची पक्की समजूत.

"सूनबाई, एक ध्यानात ठेव," जाताना त्यांनी बजावलं. "चढल्या चढल्या डाव्या अंगाचं पोतं धरायचं. उजव्या अंगाला लय वारं लागतंय."

मी मान डोलावली.

*

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. सायकल भिंतीला टेकवली, टोपी मांडीवर ठेवली आणि सासूबाईंना रीतसर विचारलं, "सुनेविरुद्ध काही तक्रार?"

हा प्रश्न त्यांना लग्नापासून कुणी विचारला नव्हता. त्या पाटावर नीट सरसावून बसल्या. भाकरी कडेला जाड राहते. हाक मारली तर ओ देत नाही, न बोलता मागे येऊन उभी राहते, मग आपलाच जीव दचकतो. दूध उतू जायला लागलं की आधी बघत बसते, मग उतरवते. पोलिसानं दोन कप चहा होईस्तोवर सगळं ऐकून घेतलं. मी आत चहाच करत होते, त्यामुळे मलाही माझी बरीच माहिती मिळाली.

शेवटी तो उठला. "मावशी, ह्याला कलम न्हाई वो."

"कलम न्हाई?" सासूबाई म्हणाल्या. "मग तुमी करता काय दिवसभर?"

*

गल्लीतून स्कॉटलंडसाठी माल येऊ लागला. कांदा-लसणाची चटणी, भडंग, हळद, शेंगदाण्याचे लाडू. दादाला ज्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं त्यांनीही "भावाला सांगा, आठवण काढली" म्हणून गुळाच्या ढेपा आणून दिल्या. गुळाच्या अडत्याच्या घरी गूळ आणून देणारी ही माणसं!

बॅग किती भरली ते बघायला ह्यांनी ती अडतीतल्या काट्यावर नेली. हमालानं वजन पुकारलं, आणि सवयीप्रमाणे पोत्याचं आणि ओलीचं म्हणून त्यातून थोडं वजा केलं. राहिलं ते विमानकंपनीच्या नियमात अगदी चपखल बसलं. सगळे खूश.

रात्री जेवताना मी हळूच विचारलं, की विमानवाले ओलीची सूट धरतील का.

"न धरून सांगतात कुणाला?" हे म्हणाले. "सगळं मार्केट यार्ड धरतंय."

*

एवढं झाल्यावर एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, "न्यायला कोण येनार?"

आमच्याकडे लेकीला सासरहून न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो आल्याशिवाय नव्या सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही. हे म्हणाले, अगं, दादांनी तिकीट पाठवलंय ना.

"तिकीट येतंय व्हय न्यायाला? तिकिटाला बसाय पाट देऊ का?"

मग घरातल्या पुरुषांना पाझर फुटला. धाकट्या भाऊजींना मला साधं सांगलीच्या गाडीत बसवून द्यायला कधी सवड झाली नव्हती. ते म्हणाले, वहिनी मला बहिणीच्या ठिकाणी, मीच मुऱ्हाळी होतो. सुभेदारकाका म्हणाले, अनुभवी माणूस पाहिजे. दोघांनी कोट उन्हात टाकले. त्यांची तिकिटं कोण काढणार, हा विषय कुणीच काढला नाही. सासूबाईंनी दोघांना एका वाक्यात उडवलं: मुऱ्हाळी माहेरचा असतो.

शेवटी हेच म्हणाले, "मग मी जातो."

"तू काय तिचा भाऊ हायस व्हय रं?"

हे अर्ध्या ताटावरून उठून अडतीवर गेले. आणि होकार तसाच लटकत राहिला.

*

निघायचा दिवस आला. पहाटेच्या एस्टीनं सांगलीहून माझे बाबा आले, दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत, शिदोरीचं गाठोडं घेऊन. मुऱ्हाळी म्हणून. मुंबईला जायची टॅक्सी दारात उभी होती. बॅग टपावर बांधून झाली होती. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, म्हणजे आता कुणी आतही येऊ शकत नव्हतं आणि बाहेरही जाऊ शकत नव्हतं.

"कुठवर नेनार?" त्यांनी बाबांना विचारलं.

"विमानाच्या दारापर्यंत, विहीणबाई. पलीकडच्या दारात माझी दोन्ही पोरं उभी असतील."

"आन् मधी?"

बाबा जन्मभर मास्तर. वर्गात कुणाला उत्तरासाठी अडू दिलं नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग टॅक्सीच्या चाकाकडे. "मध्ये आभाळ," ते म्हणाले. "मध्ये कोणी नाही."

"मंग कशी जाईल ती?"

ह्यांनी बॅगेची दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली. सासूबाईंपुढे कुणी न विचारता मी तोवर तोंड उघडलं नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मधलं मी बघते."

सासूबाई वळून आत गेल्या. संपलं, असं मला वाटलं. बाबांनी गाठोडं खाली ठेवलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं, काखेत छोटं बोचकं. पायरीवरूनच मला "चल" म्हणाल्या, सरळ जाऊन टॅक्सीत पुढे बसल्या, आणि ड्रायव्हरला सांगितलं, की वाटेत उंब्रजला गाडी आधी डावीकडे घ्यायची, पाटणला.

पाटण त्यांचं माहेर. त्यांचे भाऊ न्यायला यायचे बंद झाले, तेव्हापासून त्या तिकडे फिरकल्याच नव्हत्या. हे मला ह्यांच्या चेहऱ्यावरून, आणि खिडकीशी वाकून ते अगदी हळू जे बोलले त्यावरून कळलं.

"आई, तुला न्यायला कुणी आलेलं नाही."

"हिच्या मधी आभाळ हाय," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "माज्या मधी निसतं उंब्रज."