निळ्यांच्या मैदानातला लाल ठिपका

गोदीच्या लांबलचक भिंतीच्या कडेनं आम्ही अर्धी वाट चाललो असू, तेव्हा विल्फकाका थांबले. म्हणाले, "बर्नीनं पाठवलंय ना तुला?"

पाठवलंच होतं. बर्नी त्यांची एकुलती लेक. बाबांना समजावून आज जेवायला घेऊन ये, असं तिनं सकाळीच मला सांगितलं होतं. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. मी नुसती मान हलवली.

विल्फ गॅरिटी जन्माचे निळे. लिव्हरपूलमध्ये फुटबॉलचे दोन संघ, त्यामुळं माणूस निळा असतो नाही तर लाल. धर्म नंतर विचारतात. निळ्यांचं नवं मैदान जुन्या गोदीत उभं राहू लागलं, तसे काका रोज भिंतीतल्या एकाच फटीतून त्याचे फोटो काढू लागले. खांद्याला चहाचा थर्मास, गळ्यात जुना कॅमेरा. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटे, म्हातारा चोरांना खबर देतो. रात्रीत एखादी सळई कमी झाली का काका, असं तो मुद्दाम विचारी. काकांचा उलट त्याच्यावरच डोळा. "त्याचे मोजे बघ," ते मला हळूच म्हणाले होते. मोजे लाल होते खरे.

संशयाला कारण होतं. दुसऱ्या संघाचं मैदान बांधायला गेलेले कामगार ओल्या काँक्रीटमध्ये गुपचूप आपल्या संघाचा शर्ट गाडून येतात, अशी इकडे बोलवा आहे. मग तो अपशकुन कायमचा. आणि बर्नीचा नवरा गेविन पक्का लाल, त्यात याच मैदानावर काँक्रीटच्या कामाला. एका रविवारी आपल्या घरी काकांना बटाटे वाढता वाढता तो बोलून गेला, "बाबा, तुमच्या गोलामागं आमचं काहीतरी निजलंय बरं का."

काका भरल्या ताटावरून उठले, ते पुन्हा त्या घरी गेले नाहीत. थट्टा होती, अशी गेविननं शपथ घेतली. लाल माणसाची शपथ ती काय, असं काकांचं म्हणणं.

फटीपाशी पोचल्यावर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक फोटो काढला. गोलामागचा पाया भरला, त्या दिवसाचा. राखाडी चिखल, सळयांची जाळी आणि जाळीत तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका.

कुणाला दाखवलात का, मी विचारलं.

"कुणाला दाखवू? निळे म्हणतील शर्टच आहे, मग गेविनला गल्लीत तोंड काढता येणार नाही. लाल तर हसून लोळतील. तू कुणाचीच नाहीस, राणी."

मी पदरानं चष्मा पुसला. काका माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघत राहिले.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मनातला त्याहून जाड. तुझा देवापुढचा दिवा मला रोज खिडकीतून दिसतो. त्याला स्मरून बघ आणि खरं ते सांग, शर्ट आहे की फडकं. फडकं असेल, तर बर्नीला आत्ताच फोन कर. माझंही ताट मांड म्हणावं."