भावोजींची बालवाडी

बाळांनो, सरकारवर मनापासून प्रेम करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला : तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, माझे भावोजी. सत्तरच्या दशकात ते सोलापुरात कुटुंब आणि युवक कल्याणाच्या खात्यात होते. या खात्याचं नाव सारखं बदले. कधी त्यात महिला येत, कधी युवक गळत. भावोजी मात्र प्रत्येक बारशाला पेढे वाटत. "वहिनी, आता बघा, खातं मार्गी लागलं!" युवकांच्या वाट्याला एक व्हॉलीबॉल आला होता, जाळी मंजूर व्हायची होती. तोवर भावोजी माझी जुनी साडी दोन खांबांना बांधून सामने भरवत.

पण त्यांचा खरा जीव भवानी पेठेतल्या बालवाडीत. पेठेतल्या तेलुगू बायका घरी विड्या वळत आणि पोरं त्यांच्याजवळ तंबाखूच्या धुरळ्यात खोकत बसत. त्या पोरांसाठी ही बालवाडी. भावोजी रोज सकाळी खात्याच्या जीपमधून दुधाचा कॅन नेत आणि गल्लीच्या तोंडाशी लांबलचक हॉर्न वाजवत. पोरं पेले घेऊन धावत सुटत. त्यांच्या आयांशी ते हट्टानं तेलुगूत बोलत. त्या तोंडाला पदर लावून हसत आणि उत्तर मराठीत देत.

मग आणीबाणी आली. नसबंदीच्या शिबिरांसाठी माणसं धरून न्यायला दुपारी तीच जीप जाऊ लागली. पहिल्या धरपकडीच्या दुसऱ्या दिवशी भावोजींनी हॉर्न वाजवला आणि गल्लीची दारं धडाधड लागली. तरी हा गृहस्थ रोज जाई, रोज वाजवी. न वाजवता गेलं तर चोरासारखं दिसेल, असं त्यांचं म्हणणं! शेवटी एका बाईनं दार किलकिलं केलं. "सायेब, तुमी लई चांगले हाव. पण गाडी तीच हाय की. पोरगं दुधाला आलं आन् मागनं त्याच्या बापाला धरलं तर?"

त्या दिवसापासून भावोजी कॅन खांद्यावर घेऊन चालत जाऊ लागले. एकही पोर आलं नाही. आणीबाणी उठली, खात्याचं पुन्हा बारसं झालं, पण भीती काही उठली नाही. हजेरी नाही म्हणून बालवाडी बंद झाली आणि भावोजींची माळशिरसला बदली झाली.

निघण्याआधी ते माझ्याकडे जेवायला आले. बराच वेळ शेंगाचटणी बोटानं इकडेतिकडे करत बसले. मग म्हणाले, "वहिनी, ती पोरं आता दिवसभर कुठं बसत असतील हो?"

ठाऊक दोघांनाही होतं. मी त्यांच्या पानात आणखी अर्धी भाकरी वाढली. एरवी नको नको म्हणणारे भावोजी. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.