आईला आठवतंय तोवर

"ऑटिझम स्पेक्ट्रम," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी एक्केचाळीस वर्षांची. निदान माझं होतं, पण त्या आईकडे बघत होत्या.

ऑटिझम म्हणजे जन्मापासूनच मेंदूची घडण वेगळी असणं. आवाज, स्पर्श, माणसांचं बोलणं, सगळं वेगळं पोचतं. मला मात्र वर्षानुवर्षं डिप्रेशनच्या गोळ्या मिळत राहिल्या. ऑफिसात 'घमंडी' म्हणायचे.

जयपूरच्या राजा पार्कमधल्या एका क्लिनिकनं असेसमेंटची, म्हणजे निदानासाठीच्या तपासणीची, फी सांगितली. ती परवडणारी नव्हती. दुसरीकडे फक्त लहान मुलांना तपासत. शेवटी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पर्ची, म्हणजे केसपेपर, काढली. नाममात्र पैसे, पण तारीख चार महिन्यांनंतरची.

"बचपन में आपको जिन्होंने देखा हो, उन्हें साथ लाइए," तारीख देतानाच डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं. बाबा रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले. आता ते नाहीत. उरली आई.

त्या चार महिन्यांत आई विचारायची, "विद्या, तारीख कधीची गं?" सकाळी, दुपारी, जेवताना. मी दर वेळी त्याच शब्दांत सांगायचे. मला तेच ते बरं वाटतं. एकदा दुधाचं पातेलं जळून काळं झालं. एकदा मंदिरातून येताना ती भलत्याच गल्लीत सापडली. वय झालं, असं म्हणून मी सोडून दिलं.

तपासणी दोन तास चालली. आईनं माझं लहानपण काल घडल्यासारखं सांगितलं. शिवण टोचते म्हणून मी रडायचे, तेव्हा ती मला फ्रॉक उलटा घालून शाळेत पाठवायची. मी ते हिंदीत सांगत गेले, मॅडम लिहीत गेल्या. मग तारीख कधीची ते आईनं मला पुन्हा विचारलं, आणि मॅडमचं पेन थांबलं.

"माताजी, अभी कौन-सा महीना है?"

आई हसली. तिनं माझ्याकडे बघितलं. "विद्या सांगेल."

माझ्या रिपोर्टबरोबर आणखी एक कागद मिळाला. आईसाठी. न्यूरॉलॉजीला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे दाखवायचा. "अच्छा हुआ, अभी आ गईं," मॅडम हळूच म्हणाल्या.

तुम्हालाही स्वतःबद्दल अशी शंका असेल तर लाजू नका, सरकारी रुग्णालयात विचारा. आणि तुमचं लहानपण ज्यांनी पाहिलंय, त्यांना आठवतंय तोवर जा. माझं निदान झालं ते आईमुळे, तिच्यापाशी जे उरलं होतं त्यातून.

बाहेर बाकावर मी तिला सगळं समजावलं.

"म्हणजे तू हट्टी नव्हतीस," आई म्हणाली आणि तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

फाटकाबाहेर ऑटोत बसताना तिनं विचारलं, "काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.