मामांचा बिनआवाजाचा फिल्टर

मामा गेल्याची बातमी मला इक्बालने सांगितली. इक्बाल रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचा, सौदीत दमामला आमच्या कंपनीच्या कॅम्पात माझ्याच खोलीत राहणारा. त्याला घरून भावाचा फोन आला होता आणि बोलण्याच्या ओघात भाऊ म्हणाला, टायपिंग क्लासवाले गेले, सकाळी दाढी करता करता गेले. इक्बाल माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. "तुझे मामा रे... ते टायपिंगवाले... जरा बस खाली," असं तो म्हणाला, आणि मी तर बसलेलोच होतो. साहेबाच्या हातापाया पडून रजा मिळेपर्यंत, कंपनीच्या कपाटातून पासपोर्ट बाहेर येईपर्यंत तेरावं उरकलं. विमानात रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मामांशी मी बोलत नव्हतो. ज्याच्याशी अबोला धरला त्याच्यासाठी चारचौघांत रडायचीही चोरी होते.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. रत्नागिरीत आमच्या घरापासून दोन आळ्या सोडून त्यांचं घर, आणि त्या घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत त्यांचा टायपिंग क्लास. कोर्टात, कचेरीत, मुंबईच्या हपिसांत नोकरीला लागलेली आमच्याकडची निम्मी पोरं मामांच्या मशिनींवर बोटं बडवून गेलेली. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत नुसता कडकडाट. त्या आवाजात मामा खुर्चीवर बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचायचे आणि एखाद्याचं बोट चुकलं की मान वर न करता सांगायचे, "सावकाश रे, मशीन पळून नाही जात." क्लास सुटला की मात्र ते मशिनींवर कापडं टाकायचे आणि कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीपुढे पाट घेऊन बसायचे. टाकीत चार-पाच सोनमासे. कोणी बोललेलं त्यांना तेव्हा चालत नसे. मामी चहा आणून ठेवायची तीसुद्धा कपबशी न वाजवता.

त्या टाकीला एक साधा हवेचा पंप होता. तो भिंतीला लागून अखंड घुरघुरायचा, आणि मामांचं सगळं सुख त्या घुरघुरीने नासायचं. पंपाखाली त्यांनी फडकं ठेवलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, दोरीने टांगूनही पाहिला. मामी मला म्हणायची, "बघ रे तुझ्या मामांचं. दिवसभर दहा मशिनी डोक्यात खडखडतात ते चालतं, आणि हा एवढासा भुंगा चालत नाय." पाणी साफ करणारं यंत्र टाकीच्या बाहेर ठेवता येतं, ते मुळीच आवाज करत नाही, असं मामांनी कुठेतरी वाचलं होतं. मी सौदीला निघालो तेव्हा साबण, घड्याळ, टेपरेकॉर्डर अशा सगळ्यांच्या फर्माइशी झाल्यावर मामा हळूच म्हणाले, "मिळाला तर एक फिल्टर बघ. पण नीट विचारून घे. आवाज किती करतो, वीज जाऊन परत आली की आपला आपण सुरू होतो काय, आणि आपल्या विजेवर चालतो काय, एवढं विचार." त्यांनी हे मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मला हसू आलं होतं.

पहिल्या रजेआधी बाजारात गेलो तेव्हा बरोबर इक्बाल आणि खोलीतले आणखी दोघे होते. मासे पाळायच्या सामानाचं दुकान दिसलं आणि मी आत वळलो, तर इक्बाल दारातच हसत सुटला. "अरे, आमच्याकडे मासा बर्फात घालतात. तू मशिनीत घालणार होय?" बाकीचे दोघे मग काय सोडतात. एकाने विचारलं, कालवणात गाळून घालायचं काय ते? दुकानदार मलबारी, बिचारा दोन-तीन फिल्टर मांडून काहीतरी समजावत होता. एक बुटका, काळा, जड होता आणि त्याबद्दल तो बरंच बोलत होता. दुसरा निळ्या झाकणाचा, खोक्यावर माशांचं रंगीत चित्र. त्या तिघांच्या हसण्याने माझे कान तापले होते. विचारायचं एकही विचारलं नाही. निळा उचलला, पैसे टाकले आणि बाहेर पडलो. आमच्या कॅम्पात एकशे दहाची वीज आणि आपल्याकडे दोनशे तीसची, हे गल्फला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. टेपरेकॉर्डर घेताना मी ते तपासून घेतलंच होतं. माशांच्या यंत्राच्या वेळी कुठून सुचणार... मला तर दुकानातून पळायचं होतं.

रत्नागिरीत आलो तो गल्फवाल्याच्या ऐटीत. एका दिवसात सात घरी वस्तू वाटल्या. मामांच्या हातात खोकं ठेवलं तेव्हा ते उघडण्याआधी त्यांनी एकच विचारलं, "आपल्या विजेचं बोललास ना त्याला?" आणि मी म्हणालो, "मामा, परदेशी माल आहे. प्लग लावा आणि विसरा." चहासुद्धा न घेता पुढच्या घरी गेलो. आठवड्याने पुन्हा डोकावलो तर टाकी चकचकीत, पाणी आरशासारखं, निळ्या झाकणाचं यंत्र शेजारी ऐटीत उभं, नळ्या पाण्यात सोडलेल्या, आणि खोलीत चिटपाखरू नाही असा शांतपणा. मी यंत्राला कान लावला. काही ऐकू येईना. "आहे की नाही?" मी म्हणालो. मामा म्हणाले, "आवाज म्हणून नाही." त्यानंतर प्रत्येक रजेत मी पाहुण्यांना घेऊन तो फिल्टर दाखवायला जायचो. सासुरवाडीच्या माणसांना तर पालीहून खास आणलं होतं. मामा पाट सरकवून आम्हाला जागा द्यायचे.

मग डॉक्टरांचं प्रकरण झालं. आमच्या आळीतल्या डॉक्टरांना दवाखान्यात टाकी ठेवायची होती, त्यांनी माझ्याकडे तसलाच फिल्टर मागितला. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना मामांकडे घेऊन गेलो, की बघा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डॉक्टरांनी बघितलं, खूश झाले. आणि मामा म्हणाले, "डॉक्टर, त्यापेक्षा इथला साधा पंप घ्या. टिकतो." माझ्यासमोर म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "मी आणलेलं तुम्हाला चालतं, दुसऱ्याकडे गेलेलं बघवत नाही?" मामा टाकीची काच पुसत राहिले. मी चपला घालून चालू लागलो. मामी दारापर्यंत आली होती, तिच्याशीही बोललो नाही.

त्यानंतरच्या रजेत मी महिनाभर रत्नागिरीत होतो. पालीला दोनदा गेलो, राजापूरला मित्राकडे मुक्काम टाकला, इक्बालच्या घरी त्याच्या आईला त्याने पाठवलेली पार्सलं पोचवली. दोन आळ्या ओलांडून मामांकडे गेलो नाही. आई म्हणाली, "मेल्या, मामा आहे तो तुझा." मी म्हणालो, त्यांना यायला काय पाय नाहीत? माझं नाक तेव्हा फार वर होतं.

आता गेलो तो मामा नसलेल्या घरात. क्लास बंद, मशिनींवर कापडं. टाकी मात्र तशीच लख्ख, मासे ठणठणीत. भेटायला आलेली चार माणसं बसली होती, त्यांना टाकी दाखवत मी म्हणालो, "माणूस गेला, पण फिल्टर बघा, इतकी वर्षं जराही आवाज न करता चालतोय." मामी उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो तर ती टाकीशी वाकलेली. रबरी नळी तोंडाने ओढून बादलीत पाणी काढत होती, शेजारी विहिरीच्या पाण्याची भरलेली घागर. मी विचारलं, हे कशाला, फिल्टर आहे ना? मामी नळीवरचा अंगठा न काढता म्हणाली, "तो पहिल्याच दिवशी जळला रे. प्लग लावला आणि धूरच आला."

मी तिथेच पाटावर बसलो. इतकी वर्षं मी कान लावून ऐकला तो जळक्या मोटारीचा शांतपणा. पाण्यावर साधा तरंग नव्हता हे मला दिसायला नको होतं? मामी सांगत होती, तिच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच सोसत नव्हतं. "मी म्हटलं, जुना पंप लावा परत. तर लावायला तयार नायत. म्हणे, पोराने हौसेने आणलाय, तो आला आणि त्याने पंप बघितला तर काय वाटेल त्याला? मग हे असं, बादल्यांनी. एरवी दोन-तीन दिवसांनी करायचे. तू रजेवर आलास की मात्र रोज."

डॉक्टरांचं मला आपोआप कळलं. दुसऱ्याच्या पैशाची माती होऊ नये म्हणून ते बोलले, आणि माझी लाज राखायची म्हणून गप्प बसले. मी त्यांना मत्सरी म्हटलं होतं... लाज वाटते असं लिहिणं सोपं आहे. मला त्या खोलीत मान वर करून टाकीकडेही बघवत नव्हतं. शेवटी जे विचारायची भीती वाटत होती ते विचारलं. "मामी, मागच्या खेपेला मी आलो नाही. तेव्हा काही बोलले काय?"

मामीने नळी बाहेर काढली, उरलेलं पाणी निथळू दिलं.

"बोलायचे काय. महिनाभर रोज सकाळी पाणी बदलायचे. तेव्हा त्यांना घागर उचलली की दम लागायचा, मी म्हटलं, तो काय येत नाय आता, आजचा दिवस राहू दे. तर म्हणाले, आजच आला तर?"