निळी पिशवी कशासाठी टाकली

एमिल व्होंड्रा आठवडाभर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभा असायचा आणि सप्टेंबर उजाडला की दर शुक्रवारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून शाळांच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा. पंचवीसेक वर्षं हेच चाललेलं. नेब्रास्काच्या त्या भागात मक्याच्या शेतांमधून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना त्याला प्रत्येक शाळेच्या मैदानाचा उतार कुठल्या बाजूला आहे हे पाठ होतं.

पाच पंचांत त्याची जागा सगळ्यात मागे, एकटी. चेंडू काखेत मारून पळणारी पोरं बाकीच्या चौघांच्या वाट्याला. लाथ बसून आभाळातून खाली येणारा चेंडू मात्र एमिलचा. आणि खरी गोम तिथेच होती. चेंडू हातात असेपर्यंत तो कोणाचा हे शेंबड्या पोरालाही कळतं. लाथ बसली की तो धड याचा नाही, धड त्याचा नाही. कोणी आधी हात लावला, रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हातात नीट आला की नुसताच निसटला, प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि प्रत्येक उत्तराला एक 'पण' चिकटलेला. त्यात एमिलने काही वर्षं शनिवारी एका लहान कॉलेजचे सामनेही केले होते. शाळेच्या नियमात किक मारलेला चेंडू गोलरेषा ओलांडून गेला की तिथेच मेला, खेळ थांबला. कॉलेजच्या नियमात तो जिवंत, उचलून पळता येतं. नियमांची दोन्ही पुस्तकं त्याच्या डोक्यात शेजारी-शेजारी नांदत होती, कधी भांडली नव्हती.

त्या वर्षी ऑगस्टपासून ती भांडायला लागली.

दर मोसमाआधी त्याची बायको आर्डिथ न्याहारीच्या टेबलावर पुस्तक उघडून त्याची उजळणी घ्यायची. तिला खेळात काडीचा रस नव्हता, पण प्रश्न विचारायला मजा यायची.

"किक मारणाऱ्यांच्याच पोराने चेंडूला आधी हात लावला. मग?" तिने विचारलं.

"तिथे कमरेची ती छोटी निळी पिशवी टाकायची, खूण म्हणून. चेंडू जिवंतच. समोरच्यांनी हवं तर उचलून पळावं. पळताना काही बिघडलं, तर पिशवीपाशी परत येऊन चेंडू मागून घ्यावा. त्यांना तोटा नाही."

"आणि पळताना त्यांनी स्वतःच फाउल केला तर?"

एमिलने काटा हातात धरला तो धरलाच. उत्तर होतं, त्याला ठाऊक होतं की ते आहे, कपाटातल्या वस्तूसारखं. हात घातला तर फळी रिकामी.

"अंडं गार होतंय," आर्डिथ म्हणाली आणि तिने पुस्तक मिटलं. त्या फाउलचा दंड किक मारणाऱ्यांनी मान्य केला की पिशवीपाशी परत येण्याची सवलत जाते, हे तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

नंतर तो दुकानात मागच्या खोलीत काहीतरी आणायला गेला आणि काय आणायचं ते विसरून तिथेच उभा राहिला. असं कोणाचंही होतं, त्याने स्वतःला समजावलं. पण गाडी चालवताना, दाढी करताना तो किकचे नियम मोठ्याने म्हणायला लागला. एक जरी अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. आर्डिथ न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची आणि तो शेवटापर्यंत पोचतो का ते ऐकायची.

ऑक्टोबरच्या शेवटी एका शुक्रवारी दुपारचा सामना होता. त्या गावात मैदानाला दिवे नव्हते. लोक मैदानाच्या कडेने गाड्या लावून आत बसले होते, काही घडलं की भोंगे वाजवत. एमिल सकाळपासून किकचे नियम पुटपुटत होता. मुख्य पंच ड्वेन हेसे, पांढऱ्या टोपीतला, त्याचा जुना मित्र. दोघं ड्वेनच्या पिकअपमधूनच आले होते. "आज गप्प गप्प?" ड्वेनने वाटेत विचारलं, तेव्हा एमिलने खसखस भरलेला गोड पाव, कोलाचे, त्याच्या पुढे धरला आणि विषय मिटवला.

शेवटच्या भागात यजमान थोड्याशा गुणांनी पुढे होते. पाहुण्यांनी किक मारली. चेंडू एमिलच्या पुढ्यात पडला, उसळला, पाहुण्यांच्या एका पोराच्या हाताला चाटून मागे गोलरेषेकडे घरंगळला. एमिलने पिशवी टाकली. हात आपोआप गेला. पोरं थबकली, खेळ संपला असं समजून दोघं तर वळलेही. पण यजमानांच्या एका पोराने थेट गोलरेषेजवळून चेंडू उचलला आणि पळत सुटला. पिशवीच्या बऱ्याच पुढे त्याला धक्का बसला, चेंडू सुटला, पाहुण्यांनी तो उचलला आणि थेट टोकाला नेला. टचडाउन. एका बाजूचे सगळे भोंगे एकदम वाजू लागले.

यजमानांचे प्रशिक्षक रेषेवरून ओरडत होते. "आधी त्यांच्या पोराचा हात लागलाय! पंच, तुम्हीच पिशवी टाकलीत ना?"

एमिलने खाली पाहिलं. गवतावर निळी पिशवी होती. आपणच टाकली हे त्याला माहीत होतं. कशासाठी टाकली, ते गेलं होतं. पिशवी बऱ्याच कारणांनी टाकतात. हातातून चेंडू सुटला तरी टाकतात, किक जिथे संपते तिथेही टाकतात. कोणाच्या हाताला चेंडू लागला? यजमानांचा काळा सदरा की पाहुण्यांचा पांढरा? समोर अंधार नव्हता, उलट सगळं लख्ख होतं, फक्त ते एवढंच नव्हतं.

ड्वेन धावत आला, त्याने बाकीच्यांना लांब थांबवलं. "काय आहे एमिल?"

"टचडाउन दे," एमिल म्हणाला. मग लगेच, "नको. थांब."

"पहिला हात कोणाचा?"

एमिलने ओठ हलवले. त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं, आणि जे सांगेल ते ड्वेनने मानलं असतं. "मला आठवत नाही," तो हळूच म्हणाला.

ड्वेनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग पिशवीकडे, मग पोराने चेंडू उचलला त्या जागेकडे. "पोराने उचलला तो तिकडे, मागे. सुटला तो इकडे, पुढे. पिशवी मध्येच पडलीये. म्हणजे एकच कारण उरतं. आधी हात लागला म्हणून टाकलीस."

"हो," एमिल म्हणाला. पटलं म्हणून नव्हे, दुसरं काही म्हणता येत नव्हतं म्हणून.

टचडाउन रद्द झालं. चेंडू यजमानांना, पिशवीपाशी. आता दुसऱ्या बाजूचे भोंगे वाजले. पाहुण्यांचे प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "आज जेवण कोणाकडे आहे तुमचं? यांच्याकडेच असणार." मागून एक बाई म्हणाली, "माझी आई गाडीत बसून पाहतेय, डोळ्यांत फूल पडलेलं, तिलाही टचडाउन दिसलं." निर्णय बरोबर होता. यजमान जिंकले. उरलेला वेळ एमिल मागे उभा राहून एकच प्रार्थना करत होता, की आता कोणी किक मारू नये.

परतताना ड्वेनने पिकअप गावाबाहेर काढली. मग म्हणाला, "हे नियम कोणाच्या लक्षात राहतात म्हणा. मागच्या वर्षीच्या पंचांच्या सभेत आम्ही तिघांनी एकाच किकची तीन उत्तरं दिली होती."

"तेच तर," एमिल म्हणाला. त्याला जरा हायसं वाटलं.

ड्वेनने पिकअप एका धान्याच्या कोठाराच्या आडोशाला घेतली आणि इंजिन बंद केलं. "पण तू मला 'दिसलं नाही' असं नाही म्हणालास. 'आठवत नाही' म्हणालास. मधे किती वेळ गेला होता, एमिल? पोरांचा दमही उतरला नव्हता."

एमिलने ऑगस्टपासूनचं सगळं सांगितलं, मागची खोली, दाढी, रिकामी फळी. "लोकांनी दोन पुस्तकांचा घोळ म्हणावा म्हणून मी ते कॉलेजचं पुढे करतो," तो म्हणाला. "मला भीती कसली वाटते सांगू? पोरं वर्षभर राबतात रे. माझ्यामुळे त्यांचा सामना जायचा."

"आर्डिथला माहितीये?"

"ती आता पुस्तक उघडतच नाही."

त्या रात्री त्याने आर्डिथला सांगायला तोंड उघडलं, तर तिने लिंकन शहरातल्या डॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. गाडी तिने चालवली. डॉक्टरीणबाईंनी त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काही शब्द सांगून जरा वेळाने परत विचारले, मग डोक्याचे फोटो काढायला पाठवलं. निकाल यायला मध्ये काही दिवस गेले आणि त्या दिवसांत घरात फोन वाजला की दोघंही दचकत. शेवटी बाईंनी समोर बसवून सांगितलं: नुसतं वय नाही, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. हळू चालेल, पण चालेल.

"किकचे नियम धडधाकट माणसालाही येत नाहीत," एमिल म्हणाला.

"मला तर एकही येत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला येत होते."

बाकीच्या तिघांना त्याने स्वतःच बोलावून सांगितलं. ड्वेन सांगतो म्हणत होता, त्याने नको म्हटलं. त्याच्या जागी शेजारच्या तालुक्यातली ट्वायला नावाची पोस्टातली बाई आली, चुणचुणीत.

पुढच्या शुक्रवारी एमिल आणि आर्डिथ मैदानाच्या टोकाशी गाडी लावून आत बसले, हीटर सुरू ठेवून. खेळ नीट चालला होता. पाहुण्यांचा किक मारणारा मागे जाऊन उभा राहिला आणि आर्डिथला दिसलं की एमिलची बोटं गुडघ्यात रुतलीयेत.

"आता तुला कोणाला काही सांगायचं नाहीये," ती म्हणाली.

"मला कळतंय. पोटाला कळत नाहीये."

चेंडू उंच गेला, वाऱ्याने वाकला आणि मैदानाबाहेर मक्याच्या खुंटांत जाऊन पडला. काहीच झालं नाही. ट्वायलाने जागा दाखवली आणि पोरं तिथे गेली. आर्डिथने थर्मासचं झाकण उघडून कॉफी ओतली. एमिलने पेला दोन्ही हातांनी धरला आणि पुढची किक कधी येईल याचा अंदाज घेत बसला.